दुर्मीळ पतंग ‘सापडतो’ तेव्हा नेमकं काय घडतं?

पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. कोकणात नाहीतर घाटमाथ्यावर कुणाच्या तरी पडवीत वीतभर पंखांचं तांबूस पाखरू बसलेलं असतं. वाडीतली पोरं जमतात, मोबाइल निघतात आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: ‘दुर्मीळ ॲटलास पतंग आढळला’. पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातून तीच बातमी, तोच मथळा. दरवर्षी सापडणारं पाखरू दुर्मीळ कसं, असं मात्र कुणी विचारत नाही.

सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात हा पतंग ठिकठिकाणी आहे. आपल्याकडच्या जातीचं शास्त्रीय नाव अटॅकस टॅप्रोबॅनिस. दक्षिण भारत आणि श्रीलंका हा तिचा मुलूख. पुस्तकांत ज्याचं चित्र असतं तो अटॅकस ॲटलास म्हणजे तिचा ईशान्येकडचा चुलतभाऊ. या पतंगाचं प्रौढ आयुष्य अगदी तोकडं असतं. त्याला कामाचं तोंडच नसतं. अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर काढतो, तेवढ्यात जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते, खेळ खलास. वर्षाचे बाकीचे महिने तो अंडं, अळी नाहीतर कोष असतो, आणि पानांत गुंडाळलेल्या कोषाकडे मान वर करून बघतं कोण? म्हणजे पाखरू जंगलात असतं, फक्त आपली आणि त्याची गाठ क्वचित पडते.

पतंग कमी असणं वेगळं आणि पतंग बघणारे कमी असणं वेगळं. नोंदवहीत मात्र दोन्ही सारखंच दिसतं: कोरी जागा. ‘नवी नोंद’, ‘पुनर्शोध’, ‘शंभर वर्षांनी दर्शन’ असले मथळे वाचताना ही कोरी जागा नेमकी कशामुळे कोरी राहिली, हे आधी विचारावं लागतं.

भारतात फुलपाखरांच्या साधारण 1,300 ते 1,400 जाती आहेत. पतंगांच्या वर्णन झालेल्या जातींचा आकडा 10,000 च्या वर जातो. फुलपाखरं बघायला रविवारी सकाळी बसभर माणसं निघतात, पण पतंग यावेत म्हणून रात्री अकरा वाजता पावसात दिवा आणि पांढरा पडदा लावून बसणारे एका जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जिथे जाती सातपट आणि बघणारे मूठभर, तिथे ‘नवी नोंद’ होणं यात फारसं नवल नाही. नवल असलंच तर मधल्या काळात ती झाली नाही याचं.

‘नवीन’ म्हणजे कुणाला नवीन?

इथे बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. विज्ञानालाच नवीन, म्हणजे आजवर कुणीही वर्णन न केलेली जात, ही एक गोष्ट. जात जगाला ठाऊक आहे पण भारतात पहिल्यांदा दिसली, ही दुसरी. भारतात ठाऊक आहे पण महाराष्ट्रात किंवा एखाद्या जिल्ह्यात पहिल्यांदाच, ही तिसरी. आणि पूर्वी इथेच नोंदलेली, मग कित्येक वर्षं न दिसलेली आणि आता पुन्हा दिसलेली, हा पुनर्शोध. वजनाच्या दृष्टीने या चारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्ह्याची पहिली नोंद एखादा चिकाटीचा हौशी माणूस एका मोसमात डझनभर करू शकतो. नवी जात जाहीर करायची तर टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून त्या नावाचा अर्थ कायमचा ठरतो तो नमुना, संग्रहालयात ठेवावा लागतो, रीतसर शोधनिबंध लिहावा लागतो आणि आपल्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे तसं कळवावंही लागतं.

देशाला नवीन असलेली नोंद नेहमीच आनंदाची असते असंही नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला टुटा ॲब्सोल्युटा हा टोमॅटोवरचा बारकासा पतंग 2006 मध्ये स्पेनमध्ये पोहोचला आणि 2014 मध्ये भारतात. आपल्याकडच्या त्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदी पुण्याच्या आसपासच्या टोमॅटोच्या शेतांतल्या आहेत. शेतकऱ्याला आधी दिसली ती पानावर पांढुरके चट्टे पाडणारी आणि मग फळात शिरणारी अळी. पतंग कोणता, हे नंतर कळलं.

त्याहून मोठा धक्का 2018 च्या मे महिन्यातला. कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर एक अळी मिळाली. तिच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ची फिकी खूण आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात बसवल्यासारखे चार काळे ठिपके. ती अमेरिकन लष्करी अळी होती. आफ्रिकेत ती 2016 मध्ये पोहोचली होती, भारतात दोन वर्षांनी. वर्षभरात ती महाराष्ट्रातल्या मक्यात होती आणि आज गावातला शाळकरी मुलगाही पोंग्यात टॉर्च मारून तो उलटा ‘वाय’ शोधून दाखवतो. ओळख बाहेरच्या खुणांवरून झाली आणि डीएनएवरून पक्की केली गेली. तसं करणं भागच होतं. आपल्याकडे याच वंशातल्या, दिसायला जवळपास तशाच अळ्या आधीपासून आहेत आणि त्यांच्या गर्दीत एखादी परकी अळी सहज खपून जाते.

या दोन्ही नोंदींत बघणारे कमी नव्हते. शेतकरी पीक रोज बघतो. पाखरू आलं आणि लगेच दिसलं. म्हणून या नोंदींचं साल बऱ्यापैकी विश्वासाचं आहे. जंगलातल्या पतंगाच्या पहिल्या नोंदीचं साल म्हणजे अनेकदा आपण तिथे पहिल्यांदा दिवा लावला ते साल.

पुण्याचे पतंग आणि लंडनच्या पेट्या

मग जुन्या नोंदी आल्या कुठून? आपल्या भागापुरतं बोलायचं तर तीन माणसांची नावं घ्यावीच लागतात. कर्नल चार्ल्स स्विन्हो हा मुंबई स्टाफ कोअरमधला लष्करी अधिकारी. 1883 मध्ये ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली त्यांतला एक. मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवरचा त्याचा मोठा निबंध 1885 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापला आणि त्यातल्या कितीतरी जातींसमोर मूळ ठिकाण म्हणून ‘पूना’ लिहिलेलं आहे. त्याचा भाऊ रॉबर्ट याने त्याआधी चीनमध्ये पक्षी गोळा केले होते. घराणंच तसं.

दुसरा जॉर्ज हॅम्पसन. निलगिरीत चहाचे मळे सांभाळता सांभाळता पतंगांच्या नादी लागला, इंग्लंडला परतून ब्रिटिश म्युझियममध्ये बसला आणि 1892 ते 1896 या काळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या पतंगांवर चार खंड लिहून मोकळा झाला. आजही भारतातल्या पतंगाची जुनी माहिती काढायची तर बोट आधी त्याच खंडांकडे जातं. तिसरा टी. आर. बेल, कारवारचा जंगल अधिकारी. निवृत्तीनंतरही तो कारवारलाच राहिला आणि 1948 मध्ये तिथेच वारला. हॉक मॉथ या दणकट, विमानासारख्या पंखांच्या पतंगांवरचा खंड त्याने स्कॉट यांच्याबरोबर 1937 मध्ये काढला. मला या तिघांत बेल सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो नुसता पतंग पकडून टाचणीला लावत नव्हता. अळ्या आणून, पाला घालून वाढवत होता आणि कोणती अळी कोणतं झाड खाते ते लिहून ठेवत होता. ही माहिती आजच्या शोधणाऱ्याला सोन्याची.

या जुन्या कामाच्या अडचणीही समजून घ्यायला हव्यात. पहिली अडचण लेबलांची. टाचणीखाली नखाएवढा कागद, त्यावर ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. पतंग कितीही सुंदर असो, तो कागद नसेल तर शास्त्रीय किंमत जवळपास शून्य. आणि कागद असला तरी त्यावर अनेकदा नुसतं ‘बॉम्बे’ असतं. त्या काळच्या मुंबई इलाख्यात कराचीपासून कारवारपर्यंत सगळं येत होतं, तेव्हा पतंग मलबार हिलवरचा की आणखी कुठला, हे कोण सांगणार?

दुसरी अडचण नावांची. एकाच जातीला दोघा-तिघांनी वेगवेगळी नावं दिली आहेत. नर आणि मादी वेगळ्या दिसतात म्हणून दोन नावं, पावसाळी आणि उन्हाळी रूप वेगळं म्हणून दोन नावं. ब्रिटिश म्युझियमचा फ्रान्सिस वॉकर याबाबतीत इतका बदनाम होता की 1874 मध्ये तो गेल्यावर त्याच्या मृत्युलेखातही त्याने कीटकशास्त्राचं केवढं नुकसान केलं तेच लिहिलं गेलं. (गेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे असं कुणी छापणार नाही.) त्यामुळे एखादी जात ‘हरवली’ असं वाटत असतं आणि ती वेगळ्या नावाने दुसऱ्याच यादीत सुखाने नांदत असते. असा पुनर्शोध रानात होत नाही, तो संग्रहालयाच्या पेटीत होतो.

तिसरी अडचण अंतराची. पुण्याहून वर्णन झालेल्या पतंगाचा मूळ नमुना बघायचा तर अनेकदा लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम गाठावं लागतं. फोटो मिळू लागल्यापासून काम थोडं सोपं झालंय. पण नुसत्या फोटोने भागत नाही, का ते पुढे येईलच.

एकशे सत्तावीस वर्षांचं अंतर

हॅम्पसनने 1893 मध्ये श्रीलंकेतून मिम्युसेमिया सिलोनिका नावाचा पतंग वर्णिला. 2020 मध्ये तो तामिळनाडूच्या दक्षिणेकडच्या अगस्त्यमलाईच्या डोंगरांत, कळक्कड-मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पतंगांची पाहणी चालू असताना दिसला. भारतातली ही पहिली नोंद. बातम्यांत ‘127 वर्षांनी’ हा आकडा ठळक छापला गेला आणि तो खराच आहे. पण जाणकाराला त्यात दिसते ती दुसरीच गोष्ट. श्रीलंका आणि पश्चिम घाटाचं दक्षिण टोक यांत मधे फक्त उथळ समुद्र आहे आणि दोन्हीकडच्या कितीतरी जाती सामाईक आहेत. म्हणजे हा पतंग इकडेही असावा हे अपेक्षित होतं. तो दिसला, कारण कुणीतरी तिथे चिकाटीने रात्री दिवा लावून बसलं.

मलेशियातला किस्सा याहून गमतीचा आहे. पारदर्शक पंखांचे काही पतंग असतात. ते दिवसा उडतात आणि हुबेहूब मधमाशीचं नाहीतर गांधीलमाशीचं सोंग घेतात. त्यांतली हेटेरोस्फेशिया टावोनॉइडिस ही जात 1887 मध्ये सुमात्रात मिळालेल्या एकुलत्या एक मोडक्या नमुन्यावरून ठाऊक होती. नाव तर तिला 2003 मध्ये मिळालं. मग 2013 मध्ये मलेशियातल्या तामन नगाराच्या जंगलात नदीकाठच्या ओल्या गोट्यांवर मधमाश्यांच्या घोळक्यात निळी झाक असलेलं एक ‘माशीसारखं’ काहीतरी ओल शोषताना एका पोलिश संशोधिकेला दिसलं. तेच ते पाखरू. उडताना गुणगुणतंही मधमाशीसारखंच. दिव्याला न येणारं, माशी समजून हाकललं जाणारं पाखरू सव्वाशे वर्षं ‘हरवलेलं’ राहिलं यात नवल काय! ते रोज त्याच नदीकाठी असणार.

खरोखर गेलेला आणि खरोखर परतलेला

याच्या उलट चित्र बघायचं तर ब्रिटनकडे जावं लागतं. तिथे पतंग मोजणं हा राष्ट्रीय छंद आहे. 2019 मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या मोठ्या पतंगांचा जो नकाशासंग्रह निघाला त्यात 893 जातींच्या अडीच कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि सगळ्यात जुनी नोंद 1741 ची आहे. शिवाय रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राचे प्रकाश सापळे 1968 पासून देशभर रोज रात्री त्याच जागी त्याच पद्धतीने लागतात. इतकी दाट वही असली की कोरी जागाही बोलू लागते. एखादी जात दहा वर्षं दिसली नाही तर ती बहुधा खरंच गेलेली असते. त्याच सापळ्यांच्या जोरावर त्यांना सांगता आलं की 1968 ते 2017 या पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची एकूण संख्या 33 टक्क्यांनी घटली.

तिथला न्यू फॉरेस्ट बर्नेट हा काळ्या-तांबड्या पंखांचा दिवसा उडणारा पतंग इंग्लंडच्या दक्षिणेतल्या न्यू फॉरेस्टमधून 1927 नंतर दिसेनासा झाला. देशातून गेला असंच धरून चालले होते. 1963 मध्ये तो पार दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका चढावर सापडला. पण तो दक्षिणेतून तिकडे गेलेला नव्हता. तो वेगळी उपजात होता, आधीपासून तिथेच होता, कुणाला पत्ता नव्हता. मेंढ्या चरून चरून त्याचा चारा संपला आणि 1990 च्या सुमारास जेमतेम वीसेक पतंग उरले. मग कुंपण घालून मेंढ्या बाहेर ठेवल्या, गवताळ फुलझाडं पुन्हा वाढली आणि संख्या हजारांत गेली. पुनर्शोधानंतर काय करायचं याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. जागा एकच असल्यामुळे तिचा नेमका पत्ता मात्र जाहीर करत नाहीत. टाचणीवाले अजून संपलेले नाहीत.

क्लिफडन नॉनपेरिल या दुसऱ्या पतंगाची कथा परतण्याची आहे. बसलेला असताना हा झाडाच्या सालीच्या रंगाचा, राखाडी, नजरेत न भरणारा. डिवचला की पुढचे पंख सरकतात आणि मागच्या काळ्या पंखांवरचा निळसर-जांभळा पट्टा एकदम उघडा पडतो. युरोपातल्या पतंगांत हा रंग इतका विरळा की जुने संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकत. इंग्लंडमधली त्याची वस्ती 1960 च्या दशकात संपली. नंतर अधूनमधून समुद्र ओलांडून एखादा पाहुणा यायचा. 2007 च्या आसपासपासून मात्र दक्षिण किनाऱ्याजवळच्या परगण्यांत तो पुन्हा दरवर्षी दिसू लागला, अंडी घालू लागला आणि आता बराच उत्तरेपर्यंत पसरला आहे. त्याच्या अळीला लागणारी पॉप्लरची झाडं तिथे आहेत आणि हवाही उबदार होत चाललीय. इथे बघणारे आधीही तितकेच होते. पाखरूच नव्हतं, ते आलं. याला परतणं म्हणायचं.

आपल्याकडे असं छातीठोकपणे म्हणता येईल अशी पतंगांची वहीच नाही. म्हणून सह्याद्रीतला पतंग ‘नामशेष झाला होता’ असं कुणी लिहिलं की मी आधी विचारतो: मधल्या काळात तो कुणी, किती रात्री आणि कुठे शोधला होता?

शोधतात कसे

साधन अगदी साधं. दोन झाडांना किंवा काठ्यांना बांधलेला पांढरा पडदा, त्यापुढे अतिनील प्रकाश देणारा दिवा. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र उत्तम. पौर्णिमेला गर्दी निम्म्याहून कमी. पहिल्या तासाभरात चिलटं, तुडतुडे आणि भुंगेरे येतात, हॉक मॉथ बरेचदा मध्यरात्रीनंतर, आणि काही जाती पहाटे तीनच्या पुढेच. म्हणजे दहा वाजता दिवा आवरून घरी गेलेल्याच्या यादीत या जाती कधीच येणार नाहीत. झाली आणखी एक कोरी जागा तयार.

पतंग दिव्याकडे का येतात, याचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. चंद्र समजून येतात, उष्णतेला येतात, असं काय काय सांगितलं जायचं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांच्या उडण्याचं चित्रण केलं. तेव्हा दिसलं की कीटक दिव्यावर झेपावत नाहीत, ते पाठ उजेडाकडे वळवतात. लाखो वर्षं रात्री वरची बाजू म्हणजे आकाशाची उजळ बाजू, हा त्यांचा हिशेब. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे कलते, तोल तिरका होतो आणि बिचारे त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. त्यातही अपवाद निघाला तो आपल्या कण्हेरीवरच्या हिरव्या हॉक मॉथचा. प्रयोगशाळेत तो दिव्यावरून सरळ उडून जाऊ शकत होता.

सगळेच पतंग दिव्याला येत नाहीत. काहींसाठी आंबलेली केळी, गूळ आणि थोडी दारू यांचं मिश्रण झाडाच्या बुंध्याला फासतात. फळांचा रस शोषणारे पतंग त्यावर तुटून पडतात. नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांना हे पाखरू सांगायला नको, फळाला सोंड खुपसून ते मोसमाचं नुकसान करतं. त्याच्या अळ्या मात्र संत्र्यावर नसतात, त्या असतात बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणून बागेभोवतीच्या या वेली काढा, असा सल्ला दिला जातो. पतंगाच्या शोधात निघालेला माणूस नेमकं उलट करतो. तो त्याच वेलीपाशी बसतो. बेलने केलं ते हेच: आधी झाड शोधा, मग अळी, मग पतंग.

आणि कामगंध सापळे. कापूस उत्पादकांच्या शेतात बोंडअळीसाठी टांगलेले ते पिवळे-हिरवे सापळे सगळ्यांनी पाहिलेत. मादीच्या गंधाची कृत्रिम नक्कल असलेली छोटी गोळी, आणि नर दुरून येऊन अडकतो. हीच युक्ती युरोपात पारदर्शक पंखांच्या पतंगांसाठी वापरली आणि जे वर्षानुवर्षं ‘अतिदुर्मीळ’ यादीत होते त्यांतले काही गावोगाव असल्याचं उघड झालं. पाखरांची संख्या वाढली नव्हती, बघण्याचं साधन बदललं होतं.

कोषांची माहिती तर आपल्याकडे घराघरांत आहे, फक्त ती कागदावर नाही. भंडारा-गडचिरोलीकडची ढीवर कुटुंबं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा कोसा वाढवतात. कोणत्या नक्षत्रात अळी फुटते, कोणत्या पक्ष्यापासून ती राखायची, कोणत्या पाल्यावर कोष भरीव होतो, हे त्यांना ठाऊक असतं. पाहणी अहवाल लिहिणाऱ्यांनी त्यांच्याशी बोलायचं ठरवलं तर कित्येक रात्रींचं काम वाचेल.

फोटो दिसला, पण ओळख पटली का?

पडद्यावर बसलेला पतंग ओळखीचा वाटला म्हणून नोंद होत नाही. शेकडो जाती अशा आहेत की पंखांवरून त्यांची कुळी फार तर सांगता येते. खात्री करायची तर नमुना हातात लागतो. मेलेल्या पतंगाचं पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या कोमट द्रावणात ठेवतात. मांसल भाग विरघळून जातो, उरतो तो कायटिनचा कडक सांगाडा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने एकेक खवला झाडत जननांगांचे भाग मोकळे करतात. आकडे, पाकळ्या, काटे. पंख जिथे सारखे दिसतात तिथेही हे भाग जातीगणिक वेगळे असतात. तासाभराचं नाजूक काम, एक शिंक आली तरी वाया जाणारं. याच कारणामुळे लंडनच्या नमुन्याचा नुसता फोटो पुरत नाही, त्याच्या पोटात काय आहे तेही बघावं लागतं.

दुसरी वाट डीएनए बारकोडची. 2003 मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी मांडलेली ही पद्धत. एका पायाच्या तुकड्यातून ठराविक जनुकाची 658 अक्षरं वाचायची आणि साठ्याशी ताडून बघायची. पण साठ्यात त्या जातीची अक्षरं आधी कुणी भरली असतील तरच उत्तर मिळणार, आणि सह्याद्रीतल्या बारीक पतंगांबाबत तो साठा अजून पुष्कळ रिकामा आहे.

घरच्या भिंतीवर अनोळखी पतंग बसला तर मारायची किंवा डबीत भरायची गरज नाही. वरून एक फोटो, बाजूने एक, जमलं तर पंखांच्या खालचा एक, आणि मापासाठी शेजारी एक नाणं. तारीख, वेळ, गाव, जवळची झाडं. मागचे पंख दिसत असतील तर तो क्षण सोडू नका, बहुतेक ओळख तिथेच असते. आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, मॉथ्स ऑफ इंडिया अशा ठिकाणी तो टाकला की जाणकार बघतात. नाव सांगताना ते ‘बहुधा’ म्हणाले तर ते ‘बहुधा’ तसंच राहू द्या. बातमीत ते सगळ्यात आधी गळतं. अभयारण्यात पडदा लावायचा तर वन विभागाची परवानगी लागते, आणि नमुने गोळा करणं हा त्याहून वेगळा, जास्त कडक मामला.

आणि शक्य असेल तर हे फेब्रुवारी ते मे या महिन्यांतही करा. पडदे बहुतेक पावसाळ्यात लागतात, कारण तेव्हा पाखरं भरपूर येतात आणि रात्र रंगते. उन्हाळ्यात तासाभरात चार पतंग आले तर आले, त्यामुळे कुणी बसत नाही. आपल्या याद्यांतली सगळ्यात मोठी कोरी जागा मला वाटतं या चार महिन्यांची आहे.